नवमीचा फोन

परळच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस रस्त्यावर सकाळी लवकर गेलात तर फूटपाथवरच्या पथाऱ्या आवरण्याची गडबड दिसते. कोणी मराठवाड्यातून आलेलं असतं, कोणी थेट बिहार-बंगालमधून. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि नजर टाटा रुग्णालयाच्या दाराकडे. उपचाराचा खर्च कमी करायला रुग्णालयात सोयी आहेत. पण महिनोन् महिने मुंबईत राहायचं कुठे, जेवायचं काय, बरोबर आलेल्या माणसाची गावातली मजुरी बुडते ती कशी भरून काढायची, हे प्रश्न उरतातच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आणि परळच्या आसपासच्या कितीतरी लहानमोठ्या संस्था हाच भार उचलतात. त्यांचं काम देणग्यांवर चालतं, आणि देणग्या मागायला कोणीतरी फोन उचलावा लागतो.

रुईयात शिकत असताना दोन वर्षं मी तो फोन उचलत होते. सकाळी कॉलेज, दुपारनंतर परळमधल्या एका संस्थेची पहिल्या मजल्यावरची खोली. चार टेबलं, चार फोन, भिंतीवर कालनिर्णय. आता दर जूनमध्ये नव्या मुलामुलींना हे काम शिकवायला मी तिथे जाते. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारतंच, "ताई, समोरचं माणूस रडायला लागलं तर काय करायचं?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. रडू कुठून येतं हे कळायला फोनच्या आधीची सगळी तयारी बघावी लागते. म्हणून मी त्यांना आधी कार्ड दाखवते.

प्रत्येक देणगीदाराचं एक कार्ड असतं. आता ते संगणकावर आहे, आमच्या वेळी जाड पिवळ्या कागदाचं होतं. नाव, पत्ता, फोन, आधीच्या देणग्या. त्याखाली दोन रकाने : ‘निमित्त’ आणि ‘शेरा’. नवीन मुलं रकमेचा रकाना आधी वाचतात. मी त्यांना निमित्त वाचायला सांगते. तिथे कधी नातवाचा वाढदिवस असतो, कधी लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. पण बहुतेक कार्डांवर एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, ‘स्मरणार्थ’. कै. आईच्या स्मरणार्थ. कै. बंधूंच्या स्मरणार्थ. एका कार्डावर नुसतं ‘बाळाच्या’ एवढंच लिहिलेलं मी पाहिलं आहे.

म्हणजे आमची यादी ही मुळात गेलेल्या माणसांची यादी असते. आपण फोन करतो जिवंत माणसाला, पण तो निमित्ताच्या रकान्यातल्या माणसासाठी. रडू येतं ते तिथून. ते अचानक येत नाही, कार्डावर आधीच लिहिलेलं असतं.

हे काही आमच्या एका संस्थेपुरतं नाही. परळचा तो सगळा परिसरच असा उभा राहिला आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथून जवळच वाडिया बंधूंनी आईवडिलांच्या नावाने काढलेली दोन रुग्णालयं आहेत, वडील नौरोसजींच्या नावाचं बाळंतपणाचं आणि आई जेरबाईंच्या नावाचं मुलांचं. बोर्जेस रस्त्याचं नावसुद्धा टाटा रुग्णालयात आयुष्य घालवलेल्या एका शल्यविशारदाच्या स्मरणार्थ आहे. कोट्यवधींचा निधी असो की पाचशे एक रुपये, देणाऱ्याच्या मनातली गोष्ट एकच असते. मुलांना हे सांगितलं की ती कार्डाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

निमित्तावरून फोनची तारीख ठरते, आणि इथे भिंतीवरचं कालनिर्णय कामाला येतं. काही देणगीदार इंग्रजी तारीख पाळतात, काही तिथी. तिथी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते, त्यामुळे ती नव्याने बघून कार्डावर पेन्सिलने लिहावी लागते. कधी एखादी तिथी दोन दिवसांत विभागलेली असते. अशा वेळी आपण अंदाज करायचा नाही. "आपल्याकडे कधी करणार आहेत?" असं घरच्यांनाच विचारायचं. प्रत्यक्ष तिथीच्या दिवशी फोन कधीच करायचा नाही. त्या दिवशी घरात स्वयंपाक असतो, गुरुजी यायचे असतात, आणि मन जागेवर नसतं. चार-पाच दिवस आधी करावा. तेवढ्यात विचार करायलाही वेळ मिळतो.

वर्षातले मोठे हंगाम तीन. मार्चअखेर, तो कराचा. अक्षय्य तृतीया, कारण त्या दिवशी पितरांच्या नावाने दान देण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. आणि सगळ्यात मोठा पितृपक्ष. गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळमध्ये ढोलताशांमुळे फोनवर काही ऐकूच येत नाही. आम्ही ते दहा दिवस कार्डं लावण्यात घालवायचो. अनंत चतुर्दशी झाली, लालबागचे मांडव सुटायला लागले, रस्ता एकदम शांत झाला की आमचे फोन सुरू. प्रतिपदेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंतच्या त्या पंधरवड्यात जेवढे गळे दाटून आलेले मी ऐकले, तेवढे बाकीच्या साडेअकरा महिन्यांत मिळून ऐकले नसतील.

वेळेचंही एक गणित आहे. सकाळी अकरा ते एक चांगलं. एक ते चार अजिबात नाही, कारण दादर-गिरगावातली आपली माणसं दुपारची जेवून आडवी होतात, आणि झोपमोड केलेल्या माणसाकडे कशासाठीही काही मागू नये. पाच ते सात पुन्हा बरं. दिवेलागणीनंतर थांबायचं. आमच्या काळी घरोघरी लँडलाइन होता आणि नंबरावरून वस्ती कळायची. २३८ ने सुरू झाला की गिरगाव, २४१ म्हणजे परळ. बोलण्याचा सूर त्यावरून आधीच थोडा ठरायचा. गिरगावात निम्मे फोन गुजरातीतून करावे लागत. आमच्यातला लालबागचा एक मुलगा त्यासाठी कामापुरतं गुजराती शिकला, आणि तिकडच्या आज्या त्याच्यावर खूश असत. आता मोबाइलवरून काही कळत नाही. त्यामुळे पहिलं वाक्य आणखी जपून बोलावं लागतं.

पहिल्या वाक्यातच नवी मुलं सगळ्यात मोठी चूक करतात. ती विचारतात, "काका आहेत का?" साधा प्रश्न आहे. पण कार्ड वर्षभर जुनं असतं, आणि काका नसतात. पलीकडून दोन सेकंद काहीच ऐकू येत नाही, मग बाईंचा आवाज येतो, "नाहीत. गेले." आपण त्यांच्या जखमेवर बोट ठेवलेलं असतं. म्हणून माणसाबद्दल न विचारता घराबद्दल विचारायचं, "हे अमक्यांचंच घर ना?" आडनाव घ्यायचं, पहिलं नाव नाही. उत्तर ‘हो’ आलं की आपलं नाव, संस्थेचं नाव, परळहून बोलतोय हे, आणि लगेच, "दोन मिनिटं बोलू का?" त्यावर कोणी ‘नको’ म्हणालं तर आभार मानून फोन ठेवायचा. कोणी ‘पुन्हा करू नका’ म्हणालं तर तसा शेरा लिहायचा आणि तो पाळायचा. १९०९ वर नको असलेल्या फोनची नोंद करण्याची सोय सरकारने दिलेली आहेच. पण माणसाने तोंडाने सांगितलेलं आपण ऐकलं नाही तर त्या नोंदीलाही अर्थ नाही.

मग मागणं. ते स्पष्ट असावं. "यथाशक्ती द्या" म्हटलं की माणूस गोंधळतो. एका रुग्णाच्या आठवड्याच्या जेवणाला एवढे लागतात, असं सांगितलं की त्याच्या डोळ्यांसमोर ताट येतं. आकडा सांगितला की गप्प बसायचं. हे शिकवायला सगळ्यात अवघड. ती शांतता मुलांना सोसत नाही, ती घाईघाईने रक्कम कमी करत जातात. खरं तर पलीकडचा माणूस मनात हिशोब करत असतो : औषधं, वीजबिल, सोसायटीचं देणं. त्याला तो करू द्यावा. उत्तर बहुतेक वेळा वर एक रुपया ठेवूनच येतं, एकशे एक, पाचशे एक, अकराशे एक.

संशय घेणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचं काहीही चुकत नाही. फोनवरून पैसे उकळणाऱ्यांचा एवढा सुळसुळाट झाल्यावर तिऱ्हाईत आवाजावर कोणी विश्वास का ठेवावा? मी मुलांना सांगते, संशयाचा राग मानू नका, त्याला माहिती द्या. धर्मादाय आयुक्तांकडचा संस्थेचा नोंदणी क्रमांक पाठ असलाच पाहिजे. मुंबईतल्या पुष्कळ संस्थांचा तो ‘ई’ किंवा ‘एफ’ या अक्षराने सुरू होतो. आयुक्तांचं कार्यालय वरळीला आहे, कोणालाही चौकशी करता येते. "आधी येऊन बघा, मग द्या," हे आपण होऊन म्हणायचं. ओटीपी, कार्डाचा नंबर, पिन यातलं काहीही आम्ही कधी विचारत नाही, हेही सांगायचं. फसवलं गेल्यासारखं वाटलं तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करता येते, हेसुद्धा. एका आजोबांना मी हे सगळं सांगितलं, तर ते दुसऱ्या दिवशी दादरहून चालत आले, स्वयंपाकघर बघितलं, डाळीचा वास घेतला आणि चेक लिहिला.

पैशांचा कागदी भाग थोडक्यात. ज्याला सगळे ‘८०-जी’ म्हणतात ती करसवलत नोंदणी असलेल्या संस्थेच्या देणगीवर मिळते. सर्वसाधारण धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवर, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. दोन हजारांवरची देणगी रोख दिली तर सवलत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ती मिळतच नाही, आणि हे देणगीदाराला आधी सांगणं आपलं काम आहे. २०२१-२२ पासून नुसती पावती पुरत नाही. संस्थेने देणगीदाराचा पॅन आयकर विभागाला कळवून प्रमाणपत्र काढून द्यावं लागतं. म्हणून फोनवर पॅन विचारला जातो. तो का हवा हे न सांगता विचारला तर माणूस फोन ठेवतो, आणि ते बरोबरच आहे.

आता त्या मुख्य प्रश्नाकडे येते.

रडणारे दोन तऱ्हेचे असतात. काहींचं दुःख ताजं असतं, आणि तो फोन मग देणगीचा राहतच नाही. "माफ करा, आम्हाला ठाऊक नव्हतं. कधी झालं?" एवढंच विचारावं. ‘कधी झालं’ हा आपल्याकडचा जुना प्रश्न आहे आणि त्याचं कारण आता मला कळतं. त्याचं उत्तर तारखेपाशी थांबत नाही. शेवटचे दोन दिवस, डॉक्टर काय म्हणाले, मुलगा वेळेत पोचला की नाही, सगळं येतं. ऐकायचं. मधे सांत्वन करायचं नाही, आपण वीस वर्षांचे असतो आणि त्या वयात सांगण्यासारखं आपल्यापाशी काही नसतं. ‘हं’ पुरतं. आणि त्या फोनमध्ये पैशाचा शब्द काढायचा नाही, समोरच्याने काढला तरी नाही. "पुढच्या महिन्यात बोलू" म्हणायचं. दुःखाच्या भरात दिलेला होकार वसूल करणं मला मान्य नाही. त्याच कारणासाठी मुलांना टक्केवारीवर फोन करायला लावण्याच्याही मी विरोधात आहे. ज्याचं त्या दिवसाचं जेवण पलीकडच्या होकारावर अवलंबून आहे, तो गप्प राहून ऐकू शकणार नाही. मानधन दिवसाचं ठरलेलं असावं.

दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांचं दुःख जुनं असतं, आणि ती बोलायला कोणी मिळालं म्हणून रडतात. यांना घाई नसते. वर्षातून एकदा येणारा आमचा फोन काही घरांत त्या गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने उच्चारण्याचा एकमेव प्रसंग असतो. पावतीवर नाव कसं लिहायचं हे विचारलं की कळतं. लालबागच्या एका चाळीत एक जुने गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली, नंतर ती मिळाली नाही, मोठा भाऊ त्याच काळात कर्करोगाने गेला. दर वर्षी भावाच्या नावाने एक्कावन्न रुपये. रक्कम सांगताना दर वेळी थोडे थांबायचे. पावतीवर भावाच्या नावापुढे ‘गिरणी कामगार’ लिहा म्हणायचे. पावतीत त्यासाठी जागा नव्हती, मी ते समासात लिहायचे. फोन ठेवण्याआधी मला विचारायचे, "जेवलीस का?" त्या प्रश्नाने माझा आवाज दोनदा गेला आहे.

फोन करणाऱ्यालाही भरून येतं, हे या कामात धरूनच चालायला हवं. माझी आजी गेली त्यानंतर पाचव्या दिवशी मी कामावर आले, आणि पहिलंच कार्ड निघालं ‘कै. आजीच्या स्मरणार्थ’. मी नंबर फिरवला, पलीकडून हॅलो आलं आणि मला बोलता येईना. आमच्या खोलीत सगळ्यात अनुभवी असलेल्या बाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, दोन वाक्यांत बोलणं आटोपलं, आणि मला खाली नेऊन स्वयंपाकघरात बसवलं. तिथे दुपारच्या पोळ्या चालल्या होत्या. मी तासभर पोळ्यांना तूप लावलं. आता मीही तेच करते. कठीण फोन झाला की त्या मुलाला लगेच दुसरा नंबर लावू देत नाही. पाणी पी, शेरा लिही, खाली जाऊन वाढायला उभा राहा. ज्याच्यासाठी मागतो आहोत तो माणूस ताट घेऊन समोर बसलेला दिसला की हात पुन्हा फोनकडे जातो.

शेरा लिहिणं हे मात्र कोणत्याही परिस्थितीत चुकवायचं नाही. रडण्याच्या फोननंतर तर मुळीच नाही. आपण ऐकलं ते कार्डावर उतरलं नाही, तर पुढच्या वर्षी दुसरं कोणी त्याच घरात "काका आहेत का?" विचारणार. याचं मोल मला एका कार्डाने शिकवलं.

दादरचे एक गृहस्थ होते, ऐंशीच्या घरातले. निमित्त : ‘कै. पत्नीच्या स्मरणार्थ, अविधवा नवमी’. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला करतात. ते दर वर्षी पंचमीच्या सुमारास फोनची वाट बघायचे आणि रकमेआधी मला सांगायचे की तिला वरणफळं आवडायची, त्या दिवशी रुग्णांना जमली तर करा. शेऱ्यात मी ‘वरणफळं’ लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघराने ती केली. मी त्यांना फोन करून सांगितलं, तर बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाले, "मीठ बरोबर होतं?" मी म्हटलं, "हो काका." त्यांनी फोन ठेवला.

शिकवायला लागल्यावर काही वर्षांनी ते कार्ड मीच लावलं. फोन मुलाने घेतला. मी घर विचारलं, संस्था सांगितली. तो म्हणाला, "बाबा मे महिन्यात गेले. आता आमच्याकडे नवमी नाही." अनेक घरांत नवरा गेला की अविधवा नवमी बंद होते, हे मला माहीत होतं. तरी हातातली पेन्सिल तशीच राहिली. मी "कधी झालं" विचारलं. तो वीस मिनिटं बोलला. शेवटी त्यानेच विचारलं, "तुम्ही त्या वरणफळंवाल्या का?"

त्या कार्डावर मी नवमी खोडली आणि खाली बाबांची तिथी लिहिली, वैशाखातली. निमित्ताच्या रकान्यात आता दोघांची नावं आहेत. शेरा तसाच ठेवला आहे.

येत्या पितृपक्षात तुम्हालाही एखाद्या कॉलेजातल्या मुलाचा फोन येईल. संस्थेचा नोंदणी क्रमांक जरूर विचारा. द्यायचं नसेल तर सरळ ‘नाही’ म्हणा, त्याला वाईट वाटत नाही. आणि ज्याच्या नावाने फोन आला ते माणूस आता घरात नसेल, तर तेवढं त्याला सांगा. तो ते लिहून घेईल.